स्क्वॅट आणि क्लीन करताना स्नायूंची सक्रियता व बारची शक्ती मोजणे : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

सांगलीतील ज्या व्यायामशाळेत मोजणीची परवानगी मिळाली आहे, तेथील प्रशिक्षकांशी आज सविस्तर बोलणे झाले आणि प्रकल्पाची व्याप्ती ठरली. बॅक स्क्वॅट (बार खांद्यांवर मागे घेऊन खाली बसून उठणे) आणि क्लीन (बार जमिनीवरून एका दमात खांद्यांपर्यंत उचलणे) हे दोनच प्रकार घ्यायचे, प्रत्येक लिफ्टमध्ये मांडी, नितंब आणि पाठ यांतील निवडक स्नायूंची विद्युत सक्रियता त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडने नोंदवायची, त्याच वेळी बारची उंची मोजून तिच्यावरून वेग, बल आणि शक्ती काढायची आणि या सगळ्या नोंदी एकाच घड्याळावर ठेवायच्या. या सर्वांत शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. स्नायूंचा संकेत वेगळ्या यंत्रावर आणि बारचा वेग वेगळ्या यंत्रावर नोंदवला, तर दोन सुंदर आलेख हाती येतात, पण कोणत्या क्षणी स्नायू किती जोर लावत होता आणि त्या क्षणी बार किती वेगाने वर जात होता, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

प्रशिक्षकांनी त्यांचा प्रश्न फार नेमक्या शब्दांत मांडला. ते म्हणाले, ‘पोरं म्हणतात, सर, मांडी पेटली, म्हणजे सेट चांगला झाला. तो सेट खरंच चांगला होता का, एवढं मला तुम्ही दाखवा.’ मी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे, कारण प्रकल्पाचा खरा विषय तोच आहे. मांडी पेटणे हा सक्रियतेचा आणि थकव्याचा अनुभव आहे, तर भारोत्तोलनात निकाल लागतो तो बारला दिलेल्या शक्तीवर. ही दोन्ही एकत्र वाढतात की एक वाढत असताना दुसरी घटते, हे मोजूनच सांगता येईल.

या शहरात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगर याने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले आणि त्याचे सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकले. तेव्हापासून येथील व्यायामशाळांत एका किलोबद्दल अतिशय गांभीर्याने बोलले जाते.

१० जानेवारी २०२५

इलेक्ट्रोडची निवड झाली. त्वचेवर मिळणारा स्नायूंचा संकेत फार दुबळा असतो. पूर्ण ताकदीच्या आकुंचनातही तो काही मिलिव्होल्टच्या पुढे जात नाही आणि हलक्या हालचालीत तर मायक्रोव्होल्टमध्येच राहतो. म्हणून चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचे, आधीच जेल लावलेले, एकदा वापरून टाकून देण्याचे इलेक्ट्रोड घेतले. स्नायूसंकेत मोजण्याच्या पद्धती ठरवणाऱ्या युरोपातील सेनियाम या प्रकल्पाच्या शिफारशींनुसार दोन इलेक्ट्रोडच्या केंद्रांमधील अंतर २० मिलिमीटर असावे. ईसीजीसाठी दुकानात मिळणाऱ्या पॅडचा फोमचा घेर मात्र इतका मोठा असतो की ते शेजारीशेजारी लावले तर हे अंतर साधतच नाही. त्यामुळे प्रत्येक पॅडची एक कड जेलच्या वर्तुळाला धक्का न लावता कात्रीने सरळ कापावी लागते. काम किरकोळ असले, तरी अंतर बदलले की संकेताची उंची आणि त्यातील वारंवारतांचे मिश्रण दोन्ही बदलतात, म्हणून पुठ्ठ्याचा एक साचा करून सर्व पॅड त्याच साच्यावर कापण्याचे ठरवले आहे.

१८ जानेवारी २०२५

संकेत वाचण्यासाठी एडीएस १२९९ ही आठ चॅनेलची, २४ बिटची चिप निश्चित केली. तिची दोन वैशिष्ट्ये येथे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे कोणी हेच मंडल पुन्हा बांधले तर त्याला ती लागतील.

पहिले वैशिष्ट्य गेनचे, म्हणजे संकेत किती पट वाढवायचा याचे. इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्या संपर्कात स्वतःचे एक स्थिर विभव तयार होते आणि दोन इलेक्ट्रोडमधील हा फरक काही वेळा ३०० मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो. स्नायूच्या संकेतापेक्षा तो शेकडो पट मोठा असतो. पहिल्याच टप्प्यात हजारपट वाढवणारा अँप्लिफायर लावला, तर हा स्थिर फरकच त्याला एका टोकाला नेऊन बसवतो आणि स्नायूचा संकेत दिसतच नाही. ४.५ व्होल्टच्या संदर्भ-विभवावर गेन १२ ठेवल्यास चिपची मर्यादा दोन्ही बाजूंना ३७५ मिलिव्होल्ट येते, म्हणजे स्थिर फरक सामावतो आणि २४ बिटमुळे सूक्ष्म संकेतही हरवत नाही. आम्ही गेन १२ ठेवला आहे.

दुसरे वैशिष्ट्य सॅम्पलिंगचे, म्हणजे सेकंदाला किती नमुने घ्यायचे याचे. पृष्ठभागावरील स्नायूसंकेताची उपयुक्त मर्यादा साधारण २० ते ४५० हर्ट्झ मानली जाते, म्हणून सेकंदाला १००० नमुने पुरेसे आहेत असे सर्वत्र वाचायला मिळते. या चिपच्या आतील डिजिटल फिल्टर मात्र नमुन्यांच्या दराच्या सुमारे २६ टक्क्यांवरच संकेत कमी करू लागतो. १००० चा दर ठेवला, तर २६२ हर्ट्झच्या वरचा भाग दबतो आणि थकव्यासोबत वारंवारता कशी खाली सरकते, हा आमचा एक मुख्य प्रश्नच बिघडतो. दर २००० ठेवला की ही मर्यादा ५२४ हर्ट्झवर जाते. म्हणून दर २०००.

सुरक्षेबाबत कोणतीही तडजोड होणार नाही, हे मी आजच सर्व विद्यार्थ्यांना सांगितले आहे. ज्याच्या अंगावर घामाने ओल्या त्वचेला चिकटलेले इलेक्ट्रोड आहेत आणि ज्याच्या हातात लोखंडी बार आहे, त्या खेळाडूचा घरगुती वीजपुरवठ्याशी कोणत्याही मार्गाने संबंध येता कामा नये. चिप असलेली, खेळाडूच्या अंगावर पट्ट्याने बांधायची संपूर्ण पेटी बॅटरीवर चालेल, माहिती लॅपटॉपकडे बिनतारी जाईल आणि पेटी अंगावर असताना तिला चार्जर जोडणे शक्यच होऊ नये, यासाठी चार्जिंगचे छिद्र पट्ट्याच्या आतल्या बाजूला, शरीराकडे तोंड करून ठेवले आहे.

२७ जानेवारी २०२५

बारची उंची मोजण्याचे साधन तयार झाले. २०० मिलिमीटर परिघाच्या ड्रमवर बारीक न गुंतणारी दोरी गुंडाळली आहे, ड्रमच्या आसाला फेरीला ६०० स्पंद देणारा एन्कोडर (फिरणे मोजणारे यंत्र) जोडला आहे, आणि स्पंदांच्या दोन्ही मालिकांच्या चढत्या व उतरत्या कडा मोजल्याने फेरीला २४०० मोजण्या मिळतात. म्हणजे एक मोजणी सुमारे ०.०८ मिलिमीटरची झाली. दोरीचे टोक वेलक्रोच्या पट्टीने बारला, प्लेटच्या आतल्या बाजूस लावायचे. एन्कोडरची मोजणी स्नायूसंकेताच्या प्रत्येक नमुन्याबरोबरच वाचली जाते, त्यामुळे या दोन्हींचे घड्याळ आपोआप एकच झाले आहे.

आता शक्ती कशी काढायची, याविषयी सविस्तर लिहून ठेवतो, कारण मोबाइलवरील निरनिराळ्या अ‍ॅपमध्ये एकाच लिफ्टचे निरनिराळे वॅट दिसतात आणि खेळाडूंचा त्यामुळे गोंधळ होतो.

शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. प्रश्न असा की, कोणत्या वस्तूवरचे बल? समजा ७५ किलो वजनाचा खेळाडू १०० किलोचा बार खांद्यावर घेऊन स्क्वॅटमधून वर येतो, बार ६० सेंटिमीटर वर जातो आणि त्याला १.२ सेकंद लागतात. सरासरी वेग ०.५ मीटर प्रति सेकंद झाला. लिफ्टच्या सुरुवातीला आणि शेवटी बार स्थिर असल्यामुळे संपूर्ण चढाईतील सरासरी बल बारच्या वजनाइतकेच असते, म्हणून केवळ बारसाठी सरासरी शक्ती सुमारे ४९० वॅट येते. पण खेळाडू केवळ बार उचलत नाही, स्वतःचे शरीरही उचलतो. गुडघ्याखालचे पाय आणि पावले फारशी वर जात नाहीत, त्यांचे वस्तुमान शरीराच्या साधारण १२ टक्के धरले जाते. उरलेले ८८ टक्के, म्हणजे ६६ किलो, बारमध्ये मिळवले की एकूण १६६ किलो होतात आणि तीच लिफ्ट सुमारे ८१४ वॅटची ठरते. दोन्ही आकडे बरोबर आहेत, मात्र ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. आमच्या नोंदींत प्रत्येक वॅटच्या आकड्यापुढे ‘बार’ किंवा ‘बार व शरीर’ असे लिहिल्याशिवाय तो आकडा कोणालाही द्यायचा नाही.

सरासरी शक्तीसाठी उंची आणि वेळ एवढेच पुरते. शिखरशक्तीसाठी मात्र क्षणाक्षणाचे त्वरण लागते आणि ते मिळवण्यासाठी उंचीचे दोनदा विकलन करावे लागते, म्हणजे बदलाचा दर दोनदा काढावा लागतो, तेथेच खरी अडचण आहे. सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात एका चित्रातील बारचे स्थान फक्त एक मिलिमीटरने चुकले, तर त्या क्षणाच्या त्वरणात सुमारे ११५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी, म्हणजे गुरुत्वाच्या अकरापटींहून अधिक चूक शिरते. त्यामुळे उंचीची नोंद आधी ६ हर्ट्झच्या वरचे चढउतार गाळणाऱ्या चौथ्या क्रमाच्या बटरवर्थ फिल्टरमधून एकदा पुढून आणि एकदा मागून नेली जाईल, म्हणजे वेळेत सरक येणार नाही. ६ हर्ट्झचा हा आकडा प्रत्येक निकालासोबत छापला जावा, असा माझा आग्रह आहे, कारण फिल्टर बदलला की शिखरशक्ती बदलते, आणि फिल्टर न सांगता दिलेल्या शिखरशक्तीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

५ फेब्रुवारी २०२५

पायाखाली बल मोजणारा मंच बांधावा, असा विद्यार्थ्यांचा प्रस्ताव होता. स्वस्तात मिळणाऱ्या एचएक्स ७११ या लोडसेल (बल मोजणारा संवेदक) वाचणाऱ्या चिपचा दर सेकंदाला जास्तीत जास्त ८० नमुन्यांचा आहे. क्लीनमधील दुसरी ओढ, म्हणजे बार गुडघ्यांच्या वर गेल्यानंतरचा स्फोटक झटका, एका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी वेळात संपते, म्हणजे तिच्या वाट्याला दहा-पंधरा बिंदूच येतील. प्रस्ताव या टप्प्यापुरता बाजूला ठेवला.

१२ फेब्रुवारी २०२५

व्यायामशाळेत आज पहिली पूर्ण जोडणी झाली. स्नायू निवडले ते असे: मांडीच्या बाहेरील बाजूचा व्हास्टस लॅटरॅलिस, गुडघ्याजवळ आतील बाजूचा व्हास्टस मेडियालिस, मांडीमागचा बायसेप्स फेमोरिस, नितंबाचा ग्लुटियस मॅक्सिमस आणि कण्यालगतचा इरेक्टर स्पाइनी. मांडीच्या मध्यावरील रेक्टस फेमोरिस जाणूनबुजून वगळला, कारण क्लीनमध्ये बार मांडीला घासत वर येतो आणि तेथे लावलेल्या इलेक्ट्रोडवरूनच जातो. इलेक्ट्रोड निघाला नाही तरी त्या घासण्याने संकेतात जो उंच काटा उमटतो, तो पाहणाऱ्याला स्नायूचाच वाटू शकतो.

जागा ठरवण्याचे काम माझ्या फिजिओथेरपिस्ट सहकारी करतात आणि मुलींच्या बाबतीत संपूर्ण जोडणी त्याच, पडद्याआड करतात. कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून गुडघ्याच्या वाटीच्या बाहेरील कडेपर्यंत टेप धरायचा, त्या रेषेवर दोन-तृतीयांश अंतरावर पेनने खूण करायची, खेळाडूला स्नायू ताठ करायला सांगून तो बोटांनी चाचपायचा आणि मगच पॅड स्नायूतंतूंच्या दिशेत लावायचा. त्याआधी केस काढणे, त्वचा हलकेच खरखरीत करणे आणि स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू देणे. येथे घाई केली तर नंतर कोणत्याही फिल्टरने भरपाई होत नाही.

भारोत्तोलकांच्या अंगावर जे जे असते, त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागला. गुडघ्यावरचे जाड स्लीव्ह व्हास्टस मेडियालिसच्या पॅडवर येतात, म्हणून ते खाली सरकवून ठेवण्यास सांगितले. कमरेचा पट्टा तर थेट इरेक्टर स्पाइनीच्या पॅडवर दाबतो आणि श्वास भरून पोट ताठ केले की पॅड त्वचेवर सरकतो. प्रशिक्षकांच्या संमतीने मोजणीचे सेट पट्ट्याविना, त्यामुळे नेहमीपेक्षा कमी वजनावर ठेवले आहेत. जड वजनाचा एकही सेट केवळ आमच्या मोजणीसाठी पट्टा काढून करू दिला जाणार नाही.

१४ फेब्रुवारी २०२५

घरगुती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण अपेक्षेप्रमाणे संकेतात आली. तेवढीच वारंवारता कापणारा नॉच फिल्टर लावून ती पुसून टाकण्याची सूचना आली होती, ती मी मान्य केली नाही. स्नायूसंकेताची बरीचशी ऊर्जा ५० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यातच असते आणि नॉच लावला की गुणगुणीबरोबर खरा संकेतही कापला जातो. त्याऐवजी इलेक्ट्रोडच्या तारा आखूड केल्या, जोड्या पिळून मांडीला चिकटपट्टीने बांधल्या आणि संदर्भाचा इलेक्ट्रोड नडगीच्या हाडावर घेतला. रॅकजवळच्या भिंतीवरील पंख्याच्या रेग्युलेटरचा प्रभाव सर्वाधिक होता. तो पंखा मोजणीच्या वेळी बंद ठेवला की संकेत स्वच्छ येतो.

२२ फेब्रुवारी २०२५

दोन खेळाडूंच्या मिलिव्होल्टची तुलना करता येत नाही, हे विद्यार्थ्यांना पुन्हा एकदा समजावून सांगितले. त्वचेखालील चरबीचा थर, पॅडची नेमकी जागा, त्वचेचा ओलावा या सगळ्यांमुळे आकडा बदलतो. एकाच खेळाडूच्या दोन दिवसांच्या आकड्यांनाही हेच लागू आहे. म्हणून संकेताचे प्रमाणीकरण करावे लागते. पाठ्यपुस्तकी पद्धत म्हणजे खुर्चीला बांधून, गुडघा ठरावीक कोनात ठेवून पूर्ण ताकदीने स्थिर आकुंचन करवून घेणे आणि त्याला शंभर टक्के मानणे. ही पद्धत आम्ही वापरून पाहिली. स्फोटक हालचालीत सक्रियता या शंभर टक्क्यांच्याही वर जाते, आणि १३० टक्के सक्रियता म्हणजे काय, हे कोणालाही समजावून सांगता येत नाही. त्यामुळे त्याच दिवशी, त्याच पॅडवर, ठरावीक मध्यम वजनाच्या स्क्वॅटच्या चढाईतील सरासरी सक्रियतेला आम्ही एकक मानले आहे.

आणखी एक मर्यादा येथेच नोंदवतो. पॅड त्वचेला चिकटलेला असतो आणि स्नायू त्वचेखाली सरकत असतो. गुडघा पूर्ण वाकलेला असताना पॅडखाली स्नायूचा जो भाग असतो, तो गुडघा सरळ झाल्यावर तेथे राहत नाही. म्हणून तुलना नेहमी गुडघ्याच्या समान कोनावर, आमच्या बाबतीत बारच्या समान उंचीवर, करायची.

४ मार्च २०२५

स्क्वॅटच्या नोंदी आता वाचण्याजोग्या झाल्या आहेत. २० हर्ट्झच्या वरचा संकेत घेऊन, त्याला धन करून, १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत त्याचे वर्गमाध्य मूळ काढले आणि त्याच पानावर बारचा वेग व शक्ती मांडली.

सर्वांत स्पष्ट दिसणारी गोष्ट उतरणीची आहे. तेच वजन, तोच गुडघ्याचा कोन, पण खाली जाताना मांडीच्या स्नायूंची सक्रियता वर येतानाच्या सक्रियतेपेक्षा ठळकपणे कमी असते. लांबत असताना स्नायू तेवढेच बल कमी तंतूंच्या मदतीने देऊ शकतो, ही शरीरशास्त्रातील जुनी माहिती आहे, पण व्यायामशाळेतील मुलांनी ती पडद्यावर स्वतःच्या पायावर पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे कुतूहल उमटले, ते मला फार मोलाचे वाटले.

दुसरी गोष्ट आमच्या मूळ प्रश्नाला भिडणारी आहे. जड वजनावर वर येताना एका टप्प्यावर बार अडतो. मांड्या जमिनीला समांतर असलेल्या स्थितीच्या थोडे वर हा टप्पा येतो. वेगाच्या आलेखात तेथे स्पष्ट खळगा दिसतो, आणि शक्ती ही बल गुणिले वेग असल्यामुळे शक्तीही तेथे कोसळते. सक्रियता मात्र कोसळत नाही, ती वरच राहते. मज्जासंस्था पूर्ण आदेश देत आहे, स्नायू पूर्ण जोर लावत आहे, तरी बारला मिळणारी शक्ती सर्वांत कमी आहे, कारण त्या कोनात सांध्यांची तरफच प्रतिकूल आहे. खेळाडूला लिफ्टचा सर्वांत कठीण क्षण हाच वाटतो, आणि त्याच्या अनुभवात सर्वांत ‘जोरदार’ असलेला हा क्षण शक्तीच्या दृष्टीने सर्वांत दुबळा असतो.

वजन वाढवत गेल्यास वेग जवळजवळ सरळ रेषेत घटतो. जेमतेम एकदाच उचलता येईल अशा स्क्वॅटचा सरासरी वेग साधारण ०.३ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास असतो, त्यामुळे हलक्या आणि मध्यम वजनांच्या वेगांवरून, खेळाडूला टोकापर्यंत न नेताही, त्याच्या कमाल वजनाचा अंदाज बांधता येतो. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात ही सोय उपयोगी पडेल, असे प्रशिक्षकांचे मत पडले.

११ मार्च २०२५

आज एकाच वजनावर, न थांबता आठ रेपचा (आवृत्त्यांचा) सेट नोंदवला. पहिल्या रेपचा सरासरी वेग ०.६२ मीटर प्रति सेकंद होता, आठव्याचा ०.४४. म्हणजे वेग सुमारे २९ टक्क्यांनी घटला आणि वजन तेच असल्यामुळे सरासरी शक्तीही त्याच प्रमाणात घटली. त्याच सेटमध्ये व्हास्टस लॅटरॅलिसची सक्रियता रेपमागून रेप वाढत गेली. थकलेले तंतू कमी बल देऊ लागतात, म्हणून मज्जासंस्था आणखी तंतूंना कामाला लावते आणि संकेताची उंची वाढते. त्याच वेळी संकेताची मध्यक वारंवारता खाली सरकली, कारण थकलेल्या तंतूंमधून विद्युतलहर हळू धावते.

प्रशिक्षकांच्या पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर या एका पानावर आहे. मांडी पेटत गेली तशी सक्रियता वाढत गेली आणि शक्ती घटत गेली. स्नायू वाढवणे हा उद्देश असेल, तर अशा सेटला त्याचे स्थान आहे. बारला वेग देणे हा उद्देश असेल, तर शेवटचे तीन-चार रेप खेळाडूला हळू उचलण्याचाच सराव देत होते. प्रशिक्षकांना मी ते पान दाखवले तेव्हा ते बराच वेळ दोन्ही रेषांवरून बोट फिरवत होते आणि मग त्यांनी विचारले, ‘मग थांबवायचं कुठे?’ वेगात पहिल्या रेपच्या तुलनेत २० टक्के घट झाली की सेट थांबवणे, ही पद्धत अनेक ठिकाणी वापरली जाते. आम्ही तूर्त तीच सुचवली आहे आणि पेटीला वेग या मर्यादेखाली गेला की वाजणारा बझर जोडला आहे.

२१ मार्च २०२५

क्लीनसाठी दोरी पुरेशी नाही. या लिफ्टमध्ये बार सरळ रेषेत वर जात नाही, आधी खेळाडूकडे आणि नंतर थोडा बाहेर असा वळसा घेत जातो. प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असल्याने जमिनीवरील बारची उंची २२५ मिलिमीटर असते. दोरीचा ड्रम बारच्या बरोबर खाली ठेवला आणि या उंचीवर बार ५ सेंटिमीटर आडवा सरकला, तर दोरी साडेपाच मिलिमीटरने लांबते आणि यंत्र तेवढी उंची वाढली असे समजते. त्यामुळे बाजूने कॅमेरा लावला आहे. बारच्या टोकाच्या बरोबर मध्यावर उठून दिसणारा ठिपका चिकटवला, कारण टोकाची नळी फिरत असते आणि मध्यापासून ढळलेला ठिपका तिच्याबरोबर वर्तुळ काढतो. मोजपट्टी म्हणून प्लेटचाच ४५० मिलिमीटरचा व्यास वापरला.

कॅमेऱ्याचे घड्याळ पेटीच्या घड्याळाशी जुळवण्यासाठी चौकटीत एक लाल दिवा ठेवला आहे. पेटी तो ज्या नमुन्यावर पेटवते, त्या नमुन्याचा क्रमांक फाइलमध्ये नोंदवला जातो आणि चित्रात तो पेटलेला दिसतो. सेटच्या सुरुवातीला आणि शेवटी असा दोनदा पेटवल्याने कॅमेऱ्याचा दर २४० पासून थोडा ढळला असला तरी तो दुरुस्त करता येतो.

२ एप्रिल २०२५

गुढीपाडव्याच्या सुटीनंतर क्लीनच्या सर्व नोंदी एकत्र मांडल्या. येथे चित्र स्क्वॅटपेक्षा अगदी निराळे आहे आणि माझ्या मते प्रकल्पाचा सर्वांत समृद्ध भाग हाच आहे.

जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच्या पहिल्या ओढीत व्हास्टसचे दोन्ही भाग आणि पाठीचा स्नायू जोरात काम करतात, पण बार अजून संथ असल्यामुळे शक्ती माफक राहते. बार गुडघा ओलांडतो तेव्हा गुडघे पुन्हा किंचित वाकून बारखाली येतात. या संक्रमणात व्हास्टसची सक्रियता उतरते आणि मांडीमागचा बायसेप्स फेमोरिस पुढे येतो. त्यानंतरच्या दुसऱ्या ओढीत घोटे, गुडघे आणि कंबर एकदम सरळ होतात, आणि तेव्हा बार आधीच वेगात असल्यामुळे मोठे बल आणि मोठा वेग एकाच क्षणी भेटतात. शक्तीचे शिखर तेथेच येते आणि ते स्क्वॅटमधील कोणत्याही शिखरापेक्षा खूप उंच असते. ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये दाखवून दिले की, स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितके त्याचे बल कमी होते आणि कमाल वेगाच्या साधारण एक-तृतीयांशावर तो सर्वाधिक शक्ती देतो. जड स्क्वॅट या वक्राच्या संथ टोकाला असतो, क्लीनची दुसरी ओढ शिखराजवळ.

एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. व्हास्टसच्या सक्रियतेचे शिखर शक्तीच्या शिखराच्या आधी येते. विद्युत आदेश पोहोचल्यापासून तंतू ताठ होऊन स्नायुबंध ताणला जाईपर्यंत सेकंदाचे काही शतांश जातातच. स्क्वॅटमध्ये हे अंतर नजरेत भरत नाही. दुसरी ओढच इतक्या थोड्या वेळात संपते की, तिच्या मानाने हे अंतर लक्षणीय ठरते. संक्रमण संपण्याआधीच ज्याच्या व्हास्टसला आदेश सुटलेला असतो, त्याचे बल योग्य क्षणी बारवर पोहोचते. ज्याचा आदेश उशिरा सुटतो, त्याच्या वेगाच्या आलेखात दोन ओढींच्या मधे खळगा पडतो. आमच्या अनुभवी खेळाडूंच्या आलेखांत वेग अखंड चढत जातो, तर नवशिक्यांच्या आलेखांत तो गुडघ्यांपाशी अडखळून पुन्हा चढतो. प्रशिक्षक हे डोळ्यांनी ओळखतातच, पण अडखळणे कमरेमुळे आहे की मांडीच्या उशिरा आलेल्या आदेशामुळे, हे डोळ्यांना दिसत नाही. ते सांगण्याची सोय आता झाली आहे.

९ एप्रिल २०२५

दुपारच्या सत्रांतील मोजणी बंद केली. उन्हामुळे तिसऱ्या-चौथ्या सेटपर्यंत पॅडखाली घाम साचतो, कडा सुटतात आणि संकेताची पातळी स्नायूशी संबंध नसताना ढळते. सकाळी सातच्या आत सुरुवात करायची आणि पॅडच्या चारही कडांना कागदी चिकटपट्टी लावायची, असे ठरले आहे.

प्रशिक्षकांसाठीच्या अहवालाचा नमुना आज पक्का केला. एका खेळाडूला एक पान मिळेल. वर बारच्या वेगाचा आलेख, त्याच्या बरोबर खाली त्याच काळरेषेवर दोन स्नायूंची सक्रियता, आणि शक्तीचा एकच आकडा, पुढे ‘बार’ किंवा ‘बार व शरीर’ अशा स्पष्ट उल्लेखासह. दोन खेळाडूंच्या सक्रियतेचे आकडे शेजारी छापले जाणार नाहीत. प्रशिक्षकांनी एक बदल सुचवला: ‘वॅट खाली बारीक अक्षरात घाला. मुलं आधी तेच बघतात आणि एकमेकांशी लावून बघतात. मला वेग कुठे अडला ते वर मोठं पाहिजे.’ हा बदल तत्काळ केला.

पुढील टप्प्यात ब्लॉकवरून, म्हणजे गुडघ्याच्या उंचीवरून सुरू होणाऱ्या क्लीनच्या नोंदी घ्यायच्या आहेत. ज्या तीन नवशिक्या खेळाडूंच्या आलेखांत संक्रमणाच्या वेळी खळगा आहे, त्यांना प्रशिक्षक सहा आठवडे हाच सराव देणार आहेत. त्या काळात वजन वाढवायचे नाही, असे त्यांनी मान्य केले आहे, म्हणजे वेगाच्या आलेखात होणारा बदल वजनामुळे आहे की आदेशाच्या वेळेमुळे, हे वेगळे करता येईल. या खेळाडूंच्या पॅडच्या जागा धुण्याने न जाणाऱ्या शाईने खूण करून ठेवल्या आहेत, दर तीन दिवसांनी त्या पुन्हा गिरवण्याची जबाबदारी त्यांच्यातील सर्वांत मोठ्या ताईने घेतली आहे.